डोळ्यांचा उपवास

उपवासकाळ आला की आपले लक्ष आधी ताटाकडे जाते. शुक्रवारी काय शिजवायचे, मटण किती दिवस बंद ठेवायचे, याची घरोघरी चर्चा होते. कुणी चहा सोडतो, कुणी सिगारेट, कुणी चाळीस दिवस दारूला शिवत नाही. हे सगळे चांगलेच आहे. पण जिभेला लगाम घालताना डोळ्यांचा विचार आपण सहसा करीत नाही. जे पाहावेसे वाटेल ते सर्व पाहण्याचा, आणि हवे तितके जवळ जाऊन पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे का? नुसते पाहिल्याने कुणाचे काय बिघडते?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. तो नीट उलगडावा म्हणून आज एका दूरच्या बेटाकडे वळू या. हिवाळा सरत असताना, म्हणजे नेमक्या आपल्या उपवासकाळाच्या सुमारास, तिथे माणसे पक्षी पाहायला जातात.

समुद्राच्या वेळेवर चालणारे बेट

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत, नॉर्थम्बरलँडमध्ये लिंडिसफार्न नावाचे छोटेसे बेट आहे. लोक त्याला ‘होली आयलंड’, म्हणजे पवित्र बेट म्हणतात. ओहोटी लागली की ते जमिनीला जोडले जाते आणि भरती आली की सुटे होते. हे दिवसातून दोनदा घडते. १९५४ साली तिथे पक्की सडक झाली, पण भरतीत तीही पाण्याखाली जाते. यात्रेकरूंची जुनी वाट वाळूतून जाते. ती चुकू नये म्हणून रांगेने खांब रोवलेले आहेत आणि काही भाविक आजही त्या वाटेने अनवाणी चालतात. वाटेत उंच खांबांवर एक लहानशी खोली आहे. पाण्यात सापडलेल्याने शिडी चढून तिच्यात बसायचे आणि ओहोटीची वाट पाहायची. भरतीच्या वेळा सडकेच्या तोंडाशीच लावलेल्या असतात, तरीही ‘अजून वेळ आहे’ म्हणून घुसलेल्यांच्या मोटारी अडकतात आणि त्यांची सुटका करावी लागते.

या बेटावर इ. स. ६३५ मध्ये संत एडन आयोना बेटावरून आले आणि त्यांनी मठ स्थापला. पुढे संत कथबर्ट तिथले मठप्रमुख झाले. एकांतात प्रार्थना करता यावी म्हणून ते आधी लिंडिसफार्नच्या अगदी शेजारच्या एका इवल्याशा बेटावर जात, अशी परंपरा आहे. तेही भरतीनेच सुटे होते. आज तिथे एक साधा क्रूस उभा आहे. नंतर ते आणखी दूर, फार्न बेटावर एकटे राहू लागले. ६८५ मध्ये त्यांना बिशप केले गेले. २० मार्च ६८७ रोजी फार्न बेटावरच ते प्रभूला प्रिय झाले. त्यांचा हा स्मृतिदिन उपवासकाळातच येतो.

हिवाळ्याच्या अखेरचे पाहुणे

१९६४ सालापासून लिंडिसफार्नचा किनारा, वाळूच्या टेकड्या आणि चिखलाचे विस्तीर्ण पट्टे हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. हिवाळ्यात तिथे हजारो पक्षी उतरतात. फिकट पोटाचे ब्रेंट हंस सुमारे अडीच हजार किलोमीटरवरच्या स्वालबार्डहून येतात आणि चिखलात उगवणाऱ्या समुद्री गवतावर जगतात. स्वालबार्डच्या या हंसांचे ब्रिटनमधले हिवाळ्यातले नेहमीचे ठिकाण हे एकच. कर्ल्यू, गॉडविट, डनलिन असे लांब चोचीचे पक्षी चिखलात चोच खुपसून किडे शोधतात. आयडर जातीची बदके लाटांवर डुलतात. हिवाळा सरताना त्यांच्या नरांचे घुमणे ऐकू येऊ लागते. या बदकांना तिथले लोक अजूनही संत कथबर्ट यांच्या नावाने, लाडाने ‘कडीची बदके’ म्हणतात. उन्हाळ्यात आयडरची मादी अंड्यांवर बसते तेव्हा जवळपास पंचवीस दिवस ती फारसे काही खात नाही. घरट्यात अंथरलेली मऊ पिसे तिच्या स्वतःच्या छातीची असतात. उपवास म्हणजे काय, हे तिच्याकडूनही शिकता येईल.

हे पक्षी पाहायला येणारी माणसे सज्जन असतात. त्यांच्या हातात बंदूक नसते, दुर्बीण असते. पक्ष्यांवर त्यांचे प्रेम असते. तरीही प्रश्न उभा राहतो, तो असा.

चिखल उघडा असतो तेवढ्याच वेळात या पक्ष्यांना खायला मिळते. म्हणून ते दिवसा खातात तसे ओहोटी असेल तर रात्रीही खातात. भरती आली की उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने उभे राहतात, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. ती त्यांची विश्रांती. डनलिनचे वजन असते पन्नास ग्रॅमच्या आसपास. थंडीत एवढ्याशा देहाची ऊब टिकवणे हेच मोठे काम आहे. हिवाळ्याच्या अखेरीस खाद्य कमी झालेले असते आणि समोर परतीचा प्रवास असतो, त्यासाठी अंगात चरबी साठवायची असते. गॉडविटच्या एका पाच महिन्यांच्या पिल्लाने २०२२ मध्ये अलास्कापासून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता उडण्याचा विक्रम केला. अकरा दिवसांच्या त्या प्रवासाची शिदोरी त्याच्या अंगातली चरबी हीच होती.

अशा वेळी कुणीतरी आणखी चार पावले जवळ जातो. छायाचित्र चांगले यावे, एवढीच त्याची इच्छा असते. थवा उडतो, आकाशात वळणे घेतो, दृश्य फार सुंदर दिसते. पाहणारा खूश होऊन घरी जातो. पक्ष्यांनी मात्र साठवलेल्या शिदोरीतला घास खर्च केलेला असतो. तो माणूस म्हणतो, मी तर एकदाच गेलो. खरे आहे. पण त्याच्या आधीचाही एकदाच गेला होता आणि त्याच्या नंतरचाही एकदाच जाणार आहे. प्रत्येकाचे ‘एकदाच’ त्या पक्ष्याच्या वाट्याला एकामागून एक येते. आपल्या अनेक पापांचा हिशेब असाच असतो. करणाऱ्याला ते थोडे वाटते, कारण सोसणारा तो नसतो.

लपून पाहणारा मठवासी

संत बीड हे ख्रिस्तसभेचे आचार्य. त्यांनी संत कथबर्ट यांचे चरित्र लिहिले आहे. त्यात एक प्रसंग आहे. कथबर्ट कोल्डिंगहॅमच्या मठात पाहुणे म्हणून गेले होते. रात्री सगळे झोपल्यावर ते एकटेच बाहेर पडत. कुतूहल अनावर होऊन एक मठवासी लपतछपत त्यांच्या मागे गेला. कथबर्ट समुद्रात गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून रात्रभर स्तुती गात होते. पहाटे ते वाळूवर गुडघे टेकून बसले, तेव्हा दोन पाणमांजरे पाण्यातून आली. त्यांनी आपल्या श्वासाने त्यांच्या पायांना ऊब दिली, अंगाच्या लोकरीने ते पुसले आणि आशीर्वाद घेऊन ती परत गेली. हे पाहणाऱ्याची मात्र भीतीने गाळण उडाली. तो कसाबसा घरी पोहोचला आणि सकाळी त्याने क्षमा मागितली. कथबर्ट यांनी क्षमा केली, पण एक अट घातली. मी जिवंत असेपर्यंत हे कुणाला सांगू नकोस.

या कथेत विचार करण्यासारखे बरेच आहे. पाणमांजरांनाही जवळ येता आले, कारण ती पाय गरम करायला आली होती. मठवासी अंतरावर होता, तरी तो चोर ठरला, कारण दुसऱ्याच्या एकांतातून त्याला स्वतःसाठी काहीतरी हवे होते. आणि क्षमा मिळाल्यावरही, डोळ्यांनी पाहिलेले त्याच्या मालकीचे झाले नाही. ते सांगत सुटण्याचा हक्क त्याला मिळाला नाही.

मग पाहूच नये का?

इथे कुणी म्हणेल, प्रभू येशूनेच तर डोंगरावरील प्रवचनात आकाशातील पाखरांकडे पाहायला सांगितले आहे. अगदी बरोबर. पाहणे हे पाप नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात पाचव्या दिवशी देव पक्षी निर्माण करतो, त्यांच्याकडे पाहतो, त्याला ते चांगले दिसतात आणि तो त्यांना आशीर्वाद देतो. तेव्हा माणूस अजून निर्माणही झालेला नाही. म्हणजे पक्ष्याचे चांगलेपण आपल्या पाहण्यावर अवलंबून नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच शिकवण मांडली की, इतर प्राणिमात्रांचे मोल केवळ आपल्या उपयोगावर ठरत नाही. पाखरांकडे पाहून आपण चिंता सोडावी, पित्यावर विश्वास ठेवावा, असे प्रभू म्हणतो. त्या पाहण्यात हावरेपणाला जागा नाही.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. अंतर ठेवणे हे नेहमी सद्‌गुणाचेच लक्षण असते का? चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात याजक आणि लेवी यांनीही जखमी माणसाला पाहिले आणि अंतर ठेवले. ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्यांचे अंतर हेच त्यांचे पाप ठरले. उलट पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत मग्दालिया मरियेला प्रभू आपल्याला धरून न ठेवण्यास सांगतो. तिच्या प्रेमात खोट नव्हती, तरीही तिला हात मागे घ्यावा लागला. एका ठिकाणी जवळ जाणे हे प्रेम, दुसऱ्या ठिकाणी थांबणे हे प्रेम. मग ओळखायचे कसे?

संत कथबर्ट यांच्याच आयुष्यातील आणखी एक प्रसंग इथे उपयोगी पडतो. फार्न बेटावर त्यांनी स्वतःच्या पोटासाठी सातू पेरला होता. पीक आले आणि पक्ष्यांचे थवे त्यावर उतरले. कथबर्ट यांनी दगड उचलला नाही. न पेरलेल्या पिकाला का हात घालता, असे त्यांनी विचारले. आणि त्याबरोबरच, तुमची गरज माझ्यापेक्षा मोठी आहे का, असेही विचारले. देवाची परवानगी असेल तर खा, नसेल तर जा, असे ते म्हणाले. पक्षी उडून गेले, असे संत बीड सांगतात.

सगळा निवाडा त्या प्रश्नात आहे. गरज कुणाची मोठी? वाटेत पडलेल्या जखमी माणसाची गरज होती की कुणीतरी जवळ यावे. भरतीत विसावलेल्या पक्ष्याची गरज असते की कुणी जवळ येऊ नये. किती अंतर ठेवायचे हे समोरच्याच्या गरजेवरून ठरवायचे, आपल्या हौसेवरून नाही. याच मापाने, चिखलात कालवे काढायला उतरणाऱ्या बाईला हौशी माणसाच्या पंगतीत बसवता येणार नाही. तिच्या घरची चूल त्यावर पेटते. धर्मशिक्षणही सांगते की प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसावर करायचे प्रेम प्राण्यांकडे वळवणेही योग्य नाही.

आपल्या किनाऱ्यावर आणि आपल्या घरांत

हे सगळे फार लांबचे नाही. आपल्या वसईच्या किनाऱ्यावरही हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुणे येतात. चिखल्या, तुतवार, कर्ल्यू, कुरव. त्यांचीही परतीची तयारी याच महिन्यांत चालते. भरती-सुकतीचे गणित आपल्या कोळी बांधवांना जितके कळते तितकेच त्या पाखरांना कळते. वाळूवर गाडी पिटाळून थवा उडवणे, लहान मुलांना ‘जा, पळव त्यांना’ म्हणणे, यातली गंमत आपली असते आणि खर्च त्यांचा. मुलाला शेजारी बसवून, ओठांवर बोट ठेवून लांबूनच पाहायला शिकवले, तर ते बायबलचेच शिक्षण आहे.

पण पक्ष्यांपाशी शिकलेला धडा माणसांपाशी वापरला नाही, तर तो अर्धाच राहील. रस्त्यावर अपघात होतो. एखादा जखमीला उचलतो आणि बाकीचे मोबाईल उचलतात. मयताच्या घरी आईचा आक्रोश कुणीतरी टिपतो आणि तासाभरात तो गावभर फिरतो. गरिबाला तांदळाची पिशवी देताना आपण त्याला कॅमेऱ्याकडे बघायला लावतो. शेजारच्या घरातले भांडण, कुणाच्या मुलीचे मोडलेले लग्न, कुणाचा आजार, हे सगळे आपण खिडकीतून, भिंतीआडून, फोनच्या पडद्यावर पाहत असतो. त्या घराला आपली गरज असेल तर आपण दार ठोठावून आत जायला हवे. गरज नसेल तर नजर वळवायला हवी. आत जायचे नाही आणि नजरही वळवायची नाही, हा जो मधला मार्ग आपण काढतो, तोच त्या लपून पाहणाऱ्या मठवाशाचा मार्ग आहे. फरक इतकाच की त्याने सकाळी जाऊन क्षमा मागितली.

या उपवासकाळात ताटातला एक पदार्थ कमी करताना डोळ्यांचाही एक घास कमी करू या. दुसऱ्याच्या दुःखाचे एखादे छायाचित्र आले, तर ते आपल्यापाशीच थांबवू या. दान देताना कॅमेरा घरी ठेवू या. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो आणि थवा विसावलेला दिसला, तर चार पावले अलीकडेच थांबू या. आणि ज्या घराकडे आपण बरेच दिवस नुसते पाहत आलो आहोत, पण ज्याला खरोखर आपली गरज आहे, त्या घरी या आठवड्यात जाऊन येऊ या.

प्रभू आम्हाला पाहायला शिकव; आणि कुठे थांबायचे, कुठे धावत जायचे, हेही शिकव. आमेन.