घरची ओसरी आणि शाळेचा बाक

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे काय, असा प्रश्न पूर्वी आपल्या मंडळींत कोणी काढला असता तर तो विक्षिप्तपणा ठरला असता. आज तोच प्रश्न पुण्या-मुंबईत किंवा परदेशी राहणाऱ्या आपल्याच मुलासुनांकडून ऐकू येतो. घोकंपट्टी, शिकवण्यांचा ससेमिरा आणि पहिली-दुसरीपासून लागणारी शर्यत यांना कंटाळून काही सुशिक्षित आईबाप मुलांची नावे शाळेतून काढतात व घरीच शिक्षणाचा प्रपंच मांडतात. या वाटेचे व्यावहारिक फायदे-तोटे सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांस येथे तिच्यामागील नैतिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : मुलाला कसे शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्या अधिकाराची मर्यादा कोठे?

बुऱ्हाणपूरच्या मराठी कुटुंबांना हा विषय वाटतो तितका परका नाही. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे आले. तेव्हापासून निरनिराळ्या निमित्तांनी आपली घराणी तापीकाठी स्थिरावली. आपली बहुतेक मुले हिंदी माध्यमात शिकली. बाजारात निमाडी व उर्दू कानी पडली. मराठी मात्र घरीच राहिली आणि घरानेच ती शिकविली. हिंदीच्या पाटीवर नसलेला ‘ळ’ आजीने गिरवून घेतला. परवचा, पावकी-निमकी दिवेलागणीला म्हणवून घेतली गेली. रावेर-जळगावच्या नातलगांना पत्रे लिहिता लिहिता आपले शुद्धलेखन सुधारले. थोडक्यात, आपल्या पिढ्यांचे निम्मे शिक्षण ओसरीवर झाले आहे. घर काय देऊ शकते हे आपण जाणतो, आणि काय देऊ शकत नाही हेही. शाळेच्या बाकावर शेजारी विणकराचा मुलगा होता, बोहरी व्यापाऱ्याचा होता, गुजराथी पेढीवाल्याचा होता. आपल्या ओसरीने त्यांना आपणहून बोलावले असते, असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

घरच्या शिक्षणाचे सामर्थ्य पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नीस संस्कृत शिकविले, आणि वडील वृद्ध झाल्यावर त्या मातेने मुलीला शिकविले. शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या या मुलीची विद्वत्ता पाहून १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिचा ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला. परंतु या चित्राची दुसरी बाजू आहे. १८७४ साली दुष्काळात आईवडील गेले तेव्हा धर्मग्रंथांपलीकडचे जग या मुलांना ठाऊक नव्हते, आणि पोट भरण्याजोगी कोणतीही विद्या त्यांच्या हाती नव्हती. पित्याने जे मोलाचे मानले तेच मुलांना मिळाले. जे त्याला मोलाचे वाटले नाही, त्याला मुले मुकली. पुढे याच रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ ही शाळा काढली, ही गोष्ट आम्हांस फार सूचक वाटते.

दुसरे उदाहरण महात्माजींचे. १८९७ च्या जानेवारीत ते दरबानला उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर नऊ व पाच वर्षांचे दोन मुलगे आणि दहा वर्षांचा भाचा होता. गोऱ्यांच्या शाळेत मेहेरबानी म्हणून त्यांना प्रवेश मिळाला असता. पण इतर हिंदी मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांना नको, असा त्यांचा निर्धार होता. त्यांनी दरमहा सात पौंडांवर एक इंग्रज शिक्षिका ठेवली, स्वतः गुजरातीतून शिकविण्याचा प्रयत्न केला; पण कामाच्या रगाड्यात त्यात सातत्य राहिले नाही. पदवीधर मनुष्य भेटला की आपल्या मुलांना शाळा हुकल्याची खंत वाटते, हे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. तरीही स्वातंत्र्याचा जो धडा मुलांना मिळाला तो पुस्तकी विद्येहून थोर, असे त्यांचे मत कायम राहिले. थोरल्या हरिलालना मात्र ते पटले नाही. १९११ साली ते वडिलांना सोडून शिक्षणासाठी हिंदुस्थानात परतले. तत्त्व पित्याचे होते, त्याची किंमत मुलाने मोजली. पित्याचे तत्त्व कितीही उदात्त असो, मुलाच्या खात्यातून त्याची किंमत द्यावयाची तर मुलाला विचारावयास नको काय?

अमेरिकेतही हा मुद्दा निघाला होता. आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुले शाळेत न पाठविण्याची मुभा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली दिली. त्या वेळी न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्न मत नोंदवून, या वादात मुलांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, असे बजावले. पालक आणि शासन यांच्या रस्सीखेचीत ज्याच्या आयुष्याचा निकाल लागावयाचा त्यालाच विसरण्याचा दोष केवळ न्यायालयांचा नव्हे. तो आपल्या घरांतही घडतो.

घरच्या शाळेचे पहिले वर्ष कसे जाते, हे आपल्या राज्याने एकदा सामुदायिकरीत्या अनुभवले आहे. करोनामुळे शाळा बंद असताना ६ जुलै २०२० पासून मध्य प्रदेश शासनाने ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही मोहीम सुरू केली. सकाळी दहाला घरात थाळी वाजवून शाळा भरवावी, घरच्यांनी मुलांना अभ्यासास बसवावे, अशी योजना होती. स्वखुशीने पत्करलेले घरशिक्षण आणि संकटाने लादलेले घरशिक्षण यांत फरक आहेच; तरी दोहोंचा आरंभ सारखा होतो. प्रथम घर शाळेची नक्कल करते. वेळापत्रक भिंतीवर लागते, आई मास्तरीण होते, चार दिवसांत रुसवेफुगवे सुरू होतात. मग शहाणे पालक नक्कल सोडतात; स्वयंपाकघरातल्या वजनमापांतून गणित शिकवितात, मुलाच्या प्रश्नामागून जाऊ लागतात. पहिल्या वर्षी मुलापेक्षा पालकांनाच अधिक शिकावे लागते.

परंतु त्याच वर्षाने आणखी एक गोष्ट दाखविली. एका आदेशाने प्रत्येक घर शाळा झाले, पण प्रत्येक घरात शिक्षक नव्हता. जेथे निवृत्त आजोबा आणि पुस्तकांचे कपाट होते तेथे मुले पुढे गेली. जेथे एकाच खोलीत सारा संसार, आईबाप दोघेही मजुरीवर आणि घरात एकच मोबाईल, तेथे थाळी वाजली तरी पुढे काय करावयाचे, हा प्रश्नच राहिला. पॉवरलूमच्या या गावात अशी घरे शोधावी लागत नाहीत.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती याच घरांसाठी. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे शिक्षण आणले, तेही याच घरांसाठी. शाळा ही ज्यांच्या ओसरीवर विद्या नव्हती त्यांची ओसरी होती. शिकलेली घरे आपापली मुले काढून घेऊ लागली की शाळेबद्दल तक्रार करणारे, शिक्षकांना जाब विचारणारे आणि शाळा सुधारण्यासाठी झटणारेही तिच्याबाहेर जातात. मागे राहतात ते ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न करणाऱ्या पालकास त्या कायद्यात शिक्षा नाही. पुढे मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावीची वाटही खुली आहे. शासकीय सेवेत आयुष्य गेल्याने आम्हांस वाटते की, ज्या कर्तव्यास शिक्षा नाही ते आपल्या सदसद्विवेकावर सोपविलेले असते, आणि म्हणूनच ते अधिक जोखमीचे असते.

तेव्हा घरशिक्षण सरसकट निषिद्ध मानावे, असे आमचे म्हणणे नाही. एखाद्या मुलास शाळा खरोखरच मानवत नाही. अशा वेळी हट्टाने त्याला तेथे कोंबणे ही क्रूरता होय. परंतु दोन पथ्ये पाळली जावीत. दरवर्षी मुलाला मोकळेपणाने विचारावे, आणि त्याने शाळेत जाईन म्हटल्यास तो आपला पराभव समजू नये. दुसरे असे की, ज्या घरात शिकविण्याची ऐपत आहे त्या घराने आपल्या मुलाबरोबर शेजारपाजारचे, घरी शिकविणारे कोणी नसलेले एखादे मूलही बसवून घ्यावे. म्हणजे आपल्या मुलाला शाळेचा बाक थोडाफार मिळेल आणि दुसऱ्याच्या मुलाला ओसरी. आपल्या आज्यांनी ‘ळ’ शिकविला तो केवळ घरच्यांना. ज्यांच्या घरी तो शिकविणारे कोणी नव्हते त्यांचेही काही देणे आपण लागतो, याचा विचार वाचकांनी करावा.