पहिला वर



कठोपनिषदातील नचिकेत्याचे आख्यान आपण चातुर्मासात अनेकदा श्रवण केले आहे. यमधर्माने देऊ केलेले शतायुषी पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सुवर्ण व विस्तीर्ण राज्य त्या बालकाने नाकारले आणि तिसऱ्या वराने आत्मविद्या मागितली, एवढा भाग आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु पहिला वर कोणता, हे पुष्कळांस चटकन आठवत नाही. वडिलांनी मला विचारले तेव्हा पुजाऱ्याचा मुलगा असूनही मला खाली मान घालावी लागली.

पहिला वर होता, पित्याचे मन शांत व्हावे व त्याचा क्रोध जावा, हा. वाजश्रवसाने यज्ञफलाच्या इच्छेने सर्वस्वदान मांडले होते. पण दिलेल्या गाई आटलेल्या व थकलेल्या होत्या. मुलाने 'मला कोणास देता?' असे पुनःपुन्हा विचारताच 'मृत्यूला देतो' हे शब्द त्याच्या मुखातून निसटले. फळाची ओढ आणि मनातील बोच यांनी तो आधीच त्रस्त झाला असावा, अशी माझी समजूत आहे. इकडे नचिकेता यमाच्या घरी तीन रात्री उपाशी राहिला. अशा क्षुधिताने प्रथम अन्न मागितले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्याने आधी घरातील क्षोभ मिटविला. प्रलोभने समोर आली ती त्यानंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

मनावरील भार आणि समोरचा लाभ यांचा संबंध आधुनिक संशोधकांनीही तपासला आहे. अमेरिकेत वॉल्टर मिशेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, थोडा धीर धरल्यास अधिक आवडता खाऊ मिळेल असे लहान मुलांस सांगितले होते. ज्यांना आनंदाच्या गोष्टी आठवावयास सांगितल्या ती बराच वेळ थांबली; ज्यांना दुःखाच्या, ती लवकर हरली. 1999 साली बाबा शिव व अलेक्झांडर फेडोरिखिन यांनी काही मंडळींस दोन अंकी, तर काहींस सात अंकी संख्या ध्यानात धरावयास देऊन केक हवा की फळे, असे विचारले. सात अंकांचे ओझे वाहणाऱ्यांत केक घेणारे अधिक निघाले. केवळ सात अंकांनी एवढे होते, तर संसाराची चिंता डोक्यावर असलेल्याचे काय होत असेल?

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. मातोश्री इस्पितळात असताना नऊ रात्री जागून काढल्यावर, औषधे आणावयास निघालेला मी रावपुऱ्यातील एका दुकानात शिरलो आणि हप्त्यांवर नवा मोबाइल घेऊन बाहेर पडलो. जुना उत्तम चालत होता. पहिल्या भरण्यास दिलेली रक्कम बहिणीच्या फीसाठी राखून ठेवलेली होती. हाती नवी वस्तू येताच क्षणभर फार बरे वाटले. इस्पितळाची पायरी चढेपर्यंत ते सुख ओसरलेही होते. औषधे आणावयाची राहिलीच होती, म्हणून पुन्हा परत गेलो. फी मामांनी भरली. बहिणीने मला एका शब्दानेही विचारले नाही, आणि तेच अधिक लागले.

नवसाच्या बाबतीत वडिलांचा परिपाठ मला तेव्हापासून उमगू लागला. गेल्या श्रावणात भर दुपारी एक गृहस्थ धावत आले. मुलाच्या दुखण्याने ते व्याकुळ झाले होते. पत्नीच्या सोन्याच्या बांगड्या देवीस वाहण्याचा नवस त्यांना तत्क्षणी बोलावयाचा होता. देवस्थानास सोने मिळत असता पुजाऱ्याने आडकाठी का करावी, असे कोणी म्हणेल. वडिलांनी तीर्थ दिले व विचारले, "जेवलात का?" सकाळपासून पोटात काही नव्हते. त्यांना सभामंडपात बसवून आईने पान वाढले. "नवस उद्या बोला," वडील म्हणाले, "देवी कोठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सपत्नीक आले. नारळ ठेवला, अभिषेकाची पावती घेतली आणि बराच वेळ गाभाऱ्यासमोर स्वस्थ बसून राहिले. बांगड्या बाईंच्या हातातच होत्या.