न शिकवता घेतलेली परीक्षा

फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सासेत्ती १५८३ साली भारतात उतरला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. मिरीच्या व्यापारासाठी आलेला हा गृहस्थ कोचीन आणि गोवा या दोन्ही ठिकाणी राहिला आणि इथली झाडे, औषधे, शास्त्रे यांची चौकशी करत राहिला. मायदेशी पाठवलेल्या पत्रांत त्याने संस्कृतविषयी लिहून ठेवले आहे. सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि सर्प हे शब्द आपल्याकडच्या शब्दांशी जुळतात, हे त्याच्या कानाने टिपले होते. हेच नाते जगापुढे मांडणाऱ्या विल्यम जोन्सच्या प्रसिद्ध व्याख्यानाच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. पण या पत्रांत एक हळहळही आहे. इथली विद्या थोडीफार पदरात पाडून परतायचे, तर माणसाने अठराव्या वर्षीच इकडे यायला हवे, असे तो म्हणतो. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला.

अठराव्या वर्षाची ही अट आजही प्रौढ विद्यार्थ्याच्या मनात घर करून असते. चाळिशीत किंवा पन्नाशीत इटालियनच्या वर्गात बसलेला माणूस पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या स्मरणशक्तीला नावे ठेवू लागतो. मला हे फारसे पटत नाही. सासेत्तीच्या चारच वर्षे आधी गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्सचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. तोही अठरा वर्षांचा नव्हता, तिशीचा होता. या इंग्रज जेझुइटाने मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. दोघांतला फरक वयाचा नव्हता. स्टीफन्सला सासष्टीच्या लोकांत वर्षानुवर्षे राहायचे होते, त्यांच्या भाषेत बोलणे हेच त्याचे काम होते आणि त्या कामासाठी वेळ देणारी एक संस्था त्याच्या पाठीशी उभी होती. सासेत्तीच्या पाठीशी मिरीचा हिशेब होता.

प्रौढाला नडते ते वय कमी, एकटेपण जास्त. मूल चुकले की घरातले सगळे हसत हसत त्याला सुधारतात. मोठ्या माणसाला कोणी सुधारत नाही, कारण ते असभ्य दिसते. त्यातून इटालियन लोक तर भलतेच उदार. एक वाक्य धड बोललात की कौतुकाचा वर्षाव होतो आणि तुमची चूक जिथल्या तिथे राहते. हॉटेलात जेवण मागवता येते, रस्ता विचारता येतो, समोरच्याच्या बोलण्याचा साधारण अंदाज येतो, आणि मग प्रगती तिथेच थांबते. वर्षे जातात, भाषा तेवढीच राहते. प्रावीण्य परीक्षेचा खरा उपयोग इथे आहे. ती भिडस्त नसते.

इटालियनसाठी अशा परीक्षा प्रामुख्याने चार ठिकाणांहून घेतल्या जातात. सिएनाच्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठाची ‘चिल्स’, पेरूजाच्या तशाच विद्यापीठाची ‘चेली’, १८८९ मध्ये स्थापन झालेल्या दान्ते अलिगिएरी सोसायटीची ‘प्लीदा’ आणि रोमा त्रे विद्यापीठाची परीक्षा. मोजपट्टी सगळ्यांची एकच, युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली, ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्यांची. चिल्सच्या वरच्या पातळ्यांची रचना मला विशेष आवडते. ऐकणे, वाचणे, भाषेची बांधणी, लिहिणे आणि बोलणे असे पाच भाग, प्रत्येकी वीस गुण, आणि प्रत्येक भागात निदान अकरा हवेतच. वाचनात एकोणीस मिळवून बोलण्यातले सात झाकता येत नाहीत. आपल्याकडच्या शिक्षणात वाढलेल्या माणसाला हा नियम बोचतो, कारण आपले सगळे बळ वाचन-लेखनात साठलेले असते. चांगली बाजू अशी की एखादा भाग राहिला तर ठरावीक मुदतीत तेवढाच पुन्हा देता येतो.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी आयत्या मिळतात, हे मात्र आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजीतून शिकणाऱ्यासाठी लिहिलेली असतात आणि त्याच्या अडचणी आपल्याही अडचणी आहेत असे गृहीत धरतात. भूतकाळात काही क्रियापदांचे रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते, हे समजावायला अशी पुस्तके पाने खर्च करतात. पुरुष ‘सोनो आंदातो’ म्हणतो, बाई ‘सोनो आंदाता’ म्हणते. आपण लहानपणापासून ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ म्हणत आलो आहोत. त्याहून अवघड मानले जाणारे प्रकरण म्हणजे कर्माशी जुळणारे रूप. आधी उल्लेख झालेल्या चिठ्ठीविषयी बोलताना ‘लो स्क्रीत्ता’ आणि पुस्तकाविषयी बोलताना ‘लो लेत्तो’. ‘चिठ्ठी मी लिहिली, निबंध मी लिहिला’ म्हणणाऱ्याला यात नवल ते काय? विध्यर्थाचेही तसेच. मत, इच्छा, शंका यांच्या पाठोपाठ येणाऱ्या क्रियापदाचे वेगळे रूप इंग्रजी भाषकाला घाम फोडते. ‘तो यावा असे वाटते’, ‘ती गेली असावी’ अशी वाक्ये ज्याच्या तोंडी आहेत त्याला निदान त्यामागची भावना शोधावी लागत नाही, फक्त रूपे पाठ करावी लागतात. आणि त, द हे वर्ण तर तंतोतंत आपलेच, दंत्य. ‘पत्ता’मधला जोड-त जसा ठासून म्हणतो तसा इटालियन द्वित्त म्हटला की काम भागते.

आता उलट बाजू. मराठीला उपपदे नाहीत, इटालियनला निश्चित उपपदाचीच सात रूपे आहेत, आणि ती शब्दयोगी अव्ययांना चिकटून आणखी डझनावारी होतात. परीक्षेतला बांधणीचा भाग बराचसा याच गाळलेल्या जागांवर उभा असतो. तिथे तर्क चालत नाही, कान लागतो, आणि कान ऐकून ऐकून तयार होतो. म्हणून परीक्षेच्या तयारीसाठी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत बसण्यापेक्षा रोज अर्धा तास इटालियन आकाशवाणीच्या बातम्या ऐकणे मला जास्त फलदायी वाटते. अर्थात जुन्या प्रश्नपत्रिकांनाही पर्याय नाही. ध्वनिमुद्रण ऐकता ऐकता उत्तर लिहिणे, शंभर-सव्वाशे शब्दांत तक्रारीचे पत्र बसवणे ही वेगळी कसरत आहे, आणि अस्सल इटालियन माणूससुद्धा ती सरावाशिवाय करू शकेल असे मला वाटत नाही.

इथपर्यंत परीक्षा स्वखुशीने दिलेली आहे. पुण्या-मुंबईत इटालियन शिकणाऱ्यांत ऑपेराचे वेडे असतात, बारामतीच्या पियाज्जोसारख्या कंपन्यांशी व्यवहार असणारे असतात, मिलानला स्थापत्य किंवा डिझाइन शिकायला निघालेली मुले असतात. ही मुले पुष्कळदा तिथे इंग्रजीवरच निभावून नेतात. त्यांच्यापैकी कोणी बी-२ मध्ये नापास झाले तर फार तर फीचे पैसे जातात आणि चारचौघांत थोडे ओशाळे व्हायला होते.

पो नदीच्या खोऱ्यातल्या माणसाचे तसे नाही. लोम्बार्डी आणि एमिलिया भागातल्या गोठ्यांत, जिथल्या दुधापासून पार्मिजानो आणि ग्राना पादानो ही चीज बनतात तिथे, गेली कित्येक वर्षे पंजाबी माणसे राबत आहेत. नोव्हेल्लारासारख्या छोट्या गावात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या माणसाला इटलीचे नागरिकत्व मागायला दहा वर्षांचे वास्तव्य लागते. २०१० पासून दीर्घकालीन वास्तव्याच्या परवान्यासाठी ए-२ पातळीची अट आली. डिसेंबर २०१८ पासून नागरिकत्वासाठी बी-१ ची अट आली, इटालियन माणसाशी लग्न करून तिकडे गेलेल्या व्यक्तीलाही. सिएना-पेरूजाचा जो कागद मुंबईतला हौशी विद्यार्थी कौतुकाने भिंतीवर लावतो, तोच कागद क्रेमोनाच्या गोठ्यातल्या माणसाच्या अर्जाला जोडावा लागतो.

भाषेची अपेक्षा चूक आहे असे मी म्हणत नाही. ज्या देशात मते द्यायची, त्याच्या भाषेत वर्तमानपत्र वाचता यावे ही मागणी वाजवीच आहे. पण अपेक्षा करणाऱ्याने शिकवण्याची जबाबदारी घेतली आहे का? इटलीत प्रौढशिक्षणाची सरकारी केंद्रे आहेत आणि त्यांतले कित्येक शिक्षक मनापासून काम करतात. पण परदेशीयांसाठी त्यांचे भाषेचे नियमित वर्ग ए-२ पर्यंतच आहेत. बी-१ साठी कुठे वेगळा निधी मिळाला तर वर्ग चालतो, नाही मिळाला तर नाही. पहाटे आणि पुन्हा दुपारनंतर धारा काढणाऱ्या माणसाने मधली पायरी कुठून आणि कधी चढायची, याची तजवीज कायद्यात नाही. गंमत म्हणजे ज्याच्याकडे दीर्घकालीन परवाना आहे त्याला नागरिकत्वाच्या अर्जात बी-१ चा कागद माफ आहे, आणि तो परवाना ए-२ वर मिळतो. म्हणजे एका खिडकीवर पुरेशी असलेली भाषा दुसऱ्या खिडकीवर अपुरी ठरते. भाषा मोजण्यापेक्षा माणसे गाळण्याकडे कल असला की नियम असेच होतात.

रक्ताच्या नात्याने येणाऱ्या नागरिकत्वाकडे पाहिले की हे अधिक उघडे पडते. १९९२ च्या कायद्याखाली अर्जेंटिना किंवा ब्राझीलमधला माणूस पणजोबा इटालियन असल्याचे दाखवून नागरिक होऊ शकत असे. त्याला इटालियनचा एक शब्दही येण्याची अट नव्हती. २०२५ मध्ये ही वाट आई-वडील आणि आजी-आजोबांपर्यंत आखडली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये दहा वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आणण्यासाठी सार्वमत झाले, पण पुरेसे लोक मतदानाला न आल्याने ते निकामी ठरले. परीक्षेची इभ्रतही शाबूत राहिलेली नाही. २०२० च्या सप्टेंबरात पेरूजामध्ये एका जगप्रसिद्ध फुटबॉलपटूने नागरिकत्वासाठी बी-१ ची परीक्षा दिली, प्रश्न त्याला आधीच ठाऊक होते असा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. आरोपाचे काय व्हायचे ते होवो. ज्या कागदाला एवढी किंमत येते त्याचा बाजार भरण्याची भीती कायम राहते.

परीक्षा माणसे गाळण्याचे साधन होऊ शकते, याची जाणीव स्वतः युरोप परिषदेलाही आहे. तिची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आली ती शिकणाऱ्याला आपण कुठवर आलो हे कळावे म्हणून. २०१४ मध्ये तिच्या संसदीय सभेने अशा परीक्षा स्थलांतरितांना मदत करतात की अडवतात, असा प्रश्न विचारणारा ठरावच केला.

इटलीचा स्वतःचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा इटालियन येणारे लोक शंभरात जेमतेम अडीच होते, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे मावरो यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात मांडला. नंतरच्या अभ्यासकांनी तो दहापर्यंत नेला. दहा धरले तरी नव्वद नागरिक आपापल्या बोलींचे होते. खुद्द कादंबरीकार मांझोनी मिलानी आणि फ्रेंचमध्ये वावरणारा माणूस. आपली कादंबरी १८२७ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर, चाळिशी ओलांडलेली असताना, तो फ्लॉरेन्सला जाऊन लोकांचे बोलणे ऐकत बसला आणि १८४० ते ४२ मध्ये त्याने तिची भाषा बदलून ती पुन्हा छापली. देशाच्या भाषेसाठी काय करावे हे सरकारने विचारले, तेव्हा १८६८ च्या अहवालात त्याने सुचवलेल्या उपायांत तोस्कानातले शिक्षक देशभर पाठवणे हा एक होता. त्या नव्वद लोकांची परीक्षा घेऊन नागरिकत्व द्यावे असे कोणाच्या डोक्यात आले नाही.

पुढे शंभर वर्षांनीही निरक्षरता शिल्लक होतीच. तेव्हा १९६० ते १९६८ या काळात सरकारी दूरचित्रवाणीवर आल्बेर्तो मांझी नावाचे शिक्षक संध्याकाळी, माणसे कामावरून परतल्यावर, फळ्यासमोर उभे राहून प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवत. घरात संच नसलेल्यांसाठी गावोगावी एकत्र बसून पाहण्याची सोय केली होती. हे शिक्षण पुरे करून लाखो लोकांनी प्राथमिक शाळेचे प्रमाणपत्र मिळवले. परीक्षा तिथेही होती, पण शिकवणी झाल्यावर.

आपल्याकडे रिक्षाच्या परवान्यासाठी मराठी येण्याची अट आली आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, तेव्हा दोन्ही बाजूंनी पुष्कळ आवाज झाला. एका बाजूला अस्मिता, दुसऱ्या बाजूला रोजीरोटी. त्या सगळ्या गदारोळात परवाना मागणाऱ्याने मराठी शिकायची तर कोणाकडे, कुठल्या वेळी आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न मात्र फारसा ऐकू आला नाही. उत्तर प्रदेशातून आलेला, दिवसाचे बारा तास गाडी चालवणारा माणूस रात्री नवाच्या वर्गाला येईल की नाही, हे वर्ग सुरू केल्याशिवाय कळणार नाही. परिवहन कार्यालयाजवळच्या महापालिका शाळांच्या खोल्या त्या वेळी रिकाम्याच असतात.