किती वाजले?

आईची दृष्टी अधू झाल्यापासून देवनारच्या आमच्या घरात एकच प्रश्न दिवसातून अनेकदा ऐकू येई : "किती वाजले रे?" पहिल्यांदा मी प्रेमाने सांगत असे, चौथ्यांदा सांगताना स्वरात धार येई. अखेर बटण दाबताच वेळ सांगणारे घड्याळ तिला आणून दिले. प्रश्न थांबला. मला हायसे वाटले.

त्यानंतर एकदा कामानिमित्त फोर्टमध्ये गेलो असता ओव्हल मैदानाच्या कडेला थांबलो. समोर मुंबई विद्यापीठाचा २८० फूट उंच राजाबाई टॉवर होता. सर्वसामान्यांना वर चढण्याची मुभा नाही. दर्शन खालूनच घ्यायचे. त्याची पायाभरणी १८६९ साली झाली आणि काम १८७८ साली पूर्ण झाले. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी २ लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव लाभले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांचे वैभव ओसरले. दान दिले तेवढे मात्र उरले.

राजाबाई अंध होत्या, असे सांगतात. जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे, तर वेळ कळावी कशी? म्हणून मुलाने घंटेचा मनोरा उभारला, अशी ही आख्यायिका. ती खरी असो वा नसो, तिच्यातील विचार मोलाचा आहे. वेळ विचारण्यासाठी कुणाचे तोंड पाहावे लागू नये, हाही वृद्धांचा एक सन्मानच आहे.

परंतु घंटांचा नाद कानी पडला आणि मनात प्रश्न उभा राहिला. घंटा वेळ सांगते. ती वेळ देऊ शकते काय? माझी आई "किती वाजले?" असे विचारी, तेव्हा तिला केवळ तासच हवा होता का? की त्या निमित्ताने मुलाचा आवाज हवा होता? घड्याळ देऊन मी तिची सोय केली, हे खरे; पण त्याहून अधिक सोय मी माझीच करून घेतली होती. घड्याळ देणे चुकीचे नव्हते. त्याच्यावर आपले कर्तव्य सोपवणे चुकीचे होते.

त्या संध्याकाळी रोझरीपूर्वी मी आईजवळ जाऊन बसलो. घड्याळ तिच्या उशाशीच होते. तरीही थोड्या वेळाने तिने विचारले, "किती वाजले रे?"

मी वेळ सांगितली, आणि उठलो नाही.