पाहुण्यांची बुट्टी

नाताळच्या सुटीत सोलापूरला येणारे पाहुणे पूर्वी बहुधा सकाळी उतरत. रात्री मुंबईहून निघालेली सिद्धेश्वर एक्सप्रेस त्यांना दिवस उजाडता उजाडता स्टेशनवर आणून सोडी आणि ते घरी पोचेपर्यंत चहाचे आधण उकळू लागलेले असे. सिद्धेश्वर आजही धावते. पण 2023 च्या फेब्रुवारीत वंदे भारत गाडी सुरू झाल्यापासून आमची पुष्कळ मंडळी तिने येतात. ती पोचते रात्री साडेदहाच्या पुढे. गाडीतले खाणे झालेले असते, पण पोट भरलेले नसते; मुले पेंगत असतात; यजमानालाही जांभया आवरत नाहीत. या अडचणीतून आमच्या घरी एक नवी रीत पडली. पाहुण्यांच्या खोलीत खाण्याची एक बुट्टी भरून ठेवायची.

बुट्टी बुरुडाकडची, बांबूची. आत धुतलेले फडके. त्यावर कडक भाकऱ्यांची चवड, शेंगांच्या चटणीची बरणी, दोन डाळिंबे, बोरे, घरी तळलेल्या करंज्या, केकचा एक तुकडा आणि शेजारी पाण्याचा तांब्या. कडक भाकरी ही सोलापूरची खास ओळख. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ, मंद आचेवर ओलावा पार जाईपर्यंत भाजलेली. कित्येक दिवस टिकते. चटणीचे दाणे उखळात कुटलेले हवेत, म्हणजे त्यांना तेल सुटून चटणी बोटांना चिकटते. यंत्रात दळलेल्या कोरड्या भुकटीला चटणी म्हणावयास आमचे मन धजत नाही, पण तो वेगळा विषय.

या बुट्टीविषयी आमच्या मनात प्रथम जो प्रश्न उभा राहिला तो अगदी साधा होता. आल्या माणसाला गूळपाणी द्यावे आणि जात्या माणसाला शिदोरी, ही आपल्याकडची जुनी चाल. गूळपाणी हातात द्यावे लागते आणि पाहुणा ते पीत असता समोर बसावे लागते. शिदोरी बांधून देतानाही उंबऱ्यापर्यंत जावे लागते. बुट्टी मात्र खोलीत ठेवून आपण झोपी जाऊ शकतो. अब्राहामाने मम्रेच्या झाडांखाली तिघा वाटसरूंना वासराचे मांस, दही आणि दूध वाढले. ते जेवत असता तो त्यांच्याजवळ उभा राहिला, असे उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे. आम्ही वाढले, पण उभे राहिलो नाही. मग आमच्या आदरातिथ्यात अन्न होते, की केवळ अन्नाची सोय?

यावर घरात बराच खल झाला. शेवटी असे ठरले की थकलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता आपली सोबत लादणे हेही काही मोठे आतिथ्य नव्हे. बुट्टी राहिली. सकाळची न्याहारी मात्र सर्वांनी एकत्र करावयाची, हा नियम झाला. इथवर सारे ठीक होते.

खरा पेच त्यापुढचा आहे, आणि तो आम्हांला पाहुण्यांनी नव्हे, भाकरीवाल्या मावशींनी घातला.

मावशींच्या घरी भाकऱ्यांचा उद्योग आहे. पहाटे चारला उठायचे, ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळायचे, एकेक भाकरी हाताने थापायची, तव्यावर टाकायची आणि मग मंद आचेवर ती कडक होईपर्यंत राखण करीत बसायचे. एक भाकरी करपली की श्रमही गेले आणि पीठही. मागच्या नाताळात दोन बिऱ्हाडे पाहुणी येणार होती. शिवाय जाताना त्यांना बांधून द्यावयाच्याच. आम्ही साठ भाकऱ्या सांगितल्या. मावशींनी दर सांगितला. आम्ही सवयीने म्हणालो, एवढ्या घेतोय, भाकरीमागे रुपया कमी करा. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "घ्या, सणाचं हाय तुमचं." साठ रुपये वाचले. भाकऱ्या कागदात बांधून झाल्यावर त्यांनी आणखी दोन वर ठेवल्या. "ह्या पाव्हण्यांना माझ्याकडनं."

घरी येऊन बुट्टी भरली. पाहुण्यांनी ती पाहिली आणि आमच्या उदारपणाचे तोंड भरून कौतुक केले. ते ऐकताना आम्ही हसत होतो, पण घास घशात अडकावा तसे काहीसे झाले.

बाजारात घासाघीस करू नये असे आमचे म्हणणे नाही. विकणारा चढून सांगतो, घेणारा उतरून मागतो आणि दोघे मध्ये कुठे तरी भेटतात. मंगळवार बाजारात हे रोज चालते आणि त्यात कोणी कोणाचे वैरी होत नाही. पण ज्या घासाघीशीत एका बाजूला सण आहे आणि दुसऱ्या बाजूला उद्याचे पीठ आहे, ती समानांमधली घासाघीस नव्हे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुरीविषयी हाच मुद्दा मांडला. दोघांनी राजीखुशीने करार केला एवढ्याने मोबदला न्याय्य ठरत नाही. करारापेक्षा जुना आणि थोर असा निसर्गदत्त न्याय त्याच्या वर आहे. गरजेपोटी कोणी कमी मान्य केले तर तो बळजबरीचाच बळी होय, असा त्याचा आशय. मावशी आमच्या मजूर नव्हत, हे खरे. पण त्यांचा होकार कोणत्या जातीचा होता हे आम्हांला ठाऊक होते.

इथे आमच्या जिल्ह्यातील एक कथा आठवते. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध. 2016 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच मंगळवेढ्यात बहामनी राजवटीत दामाजीपंत नावाचे अधिकारी होते. दुष्काळात माणसे अन्नान्न करून मरू लागली तेव्हा त्यांनी बादशहाची धान्याची कोठारे लोकांना खुली केली. बिदरहून बोलावणे आले. आणि मग, कथा सांगते, विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने दरबारात जाऊन साऱ्या धान्याचे मोल चुकते केले. आपण ही कथा दामाजीपंतांच्या करुणेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण तिच्यात एक रोकडी गोष्टही आहे. धान्य दुसऱ्याचे होते. दान झाले तरी त्याचा हिशेब कोणाला तरी भरावा लागला. देवानेसुद्धा बादशहाला त्या दानाचे केवळ महत्त्व सांगितले नाही. त्याने थैली रिती केली. आमच्या बुट्टीचा थोडासा हिशेब मावशींनी भरला होता, आणि त्यांच्यासाठी दरबारात कोणी गेले नव्हते.

एका सुज्ञ स्नेह्यांनी आमचे समाधान करण्याचा यत्न केला. ते म्हणाले, साठ रुपयांसाठी एवढे मन का खाता? यंदा मावशींना नाताळची भेट म्हणून एखादे लुगडे द्या, केक द्या, शंभर रुपये द्या, झाले. सल्ला चांगला होता. शेजाऱ्याला सणात वाटा देण्याची आपली परंपराच आहे. गोव्यात नाताळच्या गोडधोडाचे ताट, ज्याला कोन्सोआदा म्हणतात, शेजारीपाजारी पाठवतात, आणि ज्या घरी त्या वर्षी दुःख झाले असेल तिथे तर आवर्जून. मावशींच्या घरी ताट जायलाच हवे.

परंतु त्या ताटाने साठ रुपये फिटतात का, हा प्रश्न उरलाच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्यात प्रेमकार्याबद्दल एक सावधगिरीची सूचना आहे: प्रथम न्यायाच्या मागण्या पुऱ्या कराव्यात, जे न्यायाने देणे आहे तेच प्रीतीची भेट म्हणून पुढे करू नये. आम्ही हे वाचले होते, प्रवचनात ऐकलेही होते. ते भाकऱ्यांनाही लागू पडते हे मात्र कधी ध्यानात आले नव्हते. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आपण त्याच्या औदार्यासाठी सांगतो. संध्याकाळी आलेल्यालाही त्याने पूर्ण दिवसाचे नाणे दिले. पण सकाळपासून राबलेल्यांचे ठरलेले नाणे त्याने आधी कापले नव्हते. त्यांच्यातील एक रुपया कमी करून उशिरा आलेल्याला दिला असता, तर ती गोष्ट शुभवर्तमानात कशाला आली असती?

लुगडे दिले तर मावशी आमचे आभार मानतील. त्यांच्याच पैशांतले थोडे परत करून वर त्यांचे आभार घ्यायचे, हे आम्हांला जमेना. उलट बाकी म्हणून साठ रुपये द्यावेत तर तेही अवघड. बाकी म्हणजे चुकीची कबुली. पाहुण्यांसमोर उदार दिसणे जितके सोपे, तितकेच भाकरीवालीसमोर देणेकरी म्हणून उभे राहणे कठीण. मुलांपैकी एकाने विचारले, दोन्ही का नाही? साठ रुपये बाकी आणि करंज्यांचे ताट भेट, पण एकाच दिवशी नको. नाही तर पुन्हा कोणते कशाचे ते कळणार नाही. मोठ्यांना हे सुचले नव्हते.

म्हणून यंदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही गेलो. दर विचारला आणि सांगितला तो मान्य केला. मग साठ रुपये वेगळे काढून म्हणालो, ही मागच्या नाताळची बाकी. मावशींनी नोटांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. "मी कुठं बाकी लिवून ठिवते?" त्या हसल्या. आम्ही म्हणालो, आम्ही ठेवली होती. त्यांनी पैसे घेतले, कनवटीला लावले आणि पिठाचा हात पुसून भाकऱ्या मोजू लागल्या. साठ झाल्या. कागद बांधण्याआधी त्यांनी आणखी दोन वर ठेवल्या.

त्या दोन भाकऱ्या आम्ही बुट्टीत सर्वांत वर मांडल्या. रात्री पाहुणे आले, तेव्हा त्या कोणाकडून आल्या हे सांगण्यासाठी आम्हांला जागे राहावे लागले.