हळकुंड मोडून

सांगलीच्या मार्केट यार्डात मामाचं हळदीचं अडत दुकान आहे. पोतं सोडलं की मामा वरची हळकुंडं बाजूला सारतो, कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातलं एक काढतो आणि कानाजवळ धरून मोडतो. कटकन आवाज आला तर माल वाळलेला. चिवटपणे वाकून तुटलं तर आत ओल आहे. मग तुटलेलं तोंड उजेडाकडे धरून रंग बघतो. लहानपणी सुट्टीत आम्ही पोरं तिथं बसायचो, तेव्हा सांगायचा, "वरचा पिवळा बघू नका रे. ड्रममध्ये घालून फिरवलं की कुठलंबी हळकुंड देखणं दिसतं."

या मामाने स्वतःच्या पोटाचं ऑपरेशन फक्त फलक बघून ठरवलं. त्याला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पाच फूट पाच इंच उंची, 118 किलो वजन, पंधरा वर्षांची साखर आणि जिना चढताना रडवणारे गुडघे घेऊन जगणारा माणूस 'यातून सुटका आहे' हे शब्द ऐकतो, तेव्हा त्याचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. 2011 साली नितीन गडकरींनी वजनाची शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हापासून हा विषय आमच्याकडे दुकानाच्या ओट्यापर्यंत आला होता. पुढे एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचं मोफत शिबिर लागलं. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो होते. आज नाव नोंदवलं तर सवलत. मामाने तिथंच आगाऊ पैसे भरले. सर्जनशी बोलणं झालं जेमतेम सात मिनिटं आणि त्यात मामाने प्रश्न विचारला एकच, "किती किलो उतरेल?"

ऑपरेशन स्लीव्हचं होतं. यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. कापलेलं परत जोडता येत नाही. हे मामाला कळलं ते ऑपरेशन झाल्यावर, माझ्याकडून.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पाचव्या रात्री डावा खांदा दुखायला लागला, अंगात कणकण आली, नाडी 130 वर गेली. मामीने कागदावरचा नंबर लावला. रिंग वाजून वाजून बंद पडायची. तिने अकरा वेळा लावला. शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीने उचलला : सर बाहेरगावी शिबिराला गेलेत, सोमवारी या. तो शुक्रवार होता. मामीने सोमवारची वाट बघितली नाही, म्हणून मामा आज आहे.

तिने गाडी मिरजेला घ्यायला लावली. 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून आमच्या भागात जीवावर बेतलं की पाय मिरजेकडेच वळतात. तिथल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला. टाक्यांच्या ओळीतून गळती होती आणि जठरातलं पाणी पोटात उतरत होतं. नळ्या घातल्या, आतड्यात नळी सोडून त्यातून अन्न दिलं. पाच आठवडे. मी कराडहून दर रविवारी जायचो. कोपरापर्यंत पोत्यात जाणारा तो हात चादरीवर पडलेला असायचा, नखांच्या कडेची हळद पहिल्यांदाच पूर्ण गेलेली.

दोन वर्षांनी साताऱ्याच्या मावशीवर तीच वेळ आली. मामाची थोरली बहीण, उंची पाच फूट, वजन 94 किलो. झोपेत श्वास अडकायचा म्हणून ती खुर्चीत बसून रात्र काढायची. शिवाय छातीत कायम जळजळ. तिच्या फिजिशियनने ऑपरेशनचा विचार करा म्हटलं, आणि तिने भावाला फोन करून रडत सांगितलं, "तुझं बघून माझी छाती होत नाही रे."

मला वाटलं, मामा नको म्हणणार. तो म्हणाला, "अक्का, ऑपरेशन वाईट नव्हतं. मी न मोडता घेतलं. तू चल, मी येतो संगं."

मी गाडी चालवायला होतो. पहिल्या सर्जनच्या खोलीत मामाने शाळेची दोनशे पानी वही उघडली. किती ऑपरेशनं केलीत? "हजारो." यातली ह्याच प्रकारची किती, गेल्या वर्षात स्वतः किती? उत्तर पुन्हा हजारोच. गळती किती जणांना झाली? "आमच्याकडे होत नाही, शंभर टक्के सेफ आहे." मामाने वही मिटली, नमस्कार केला आणि आम्ही बाहेर आलो. पायऱ्या उतरताना म्हणाला, "तीस वर्षांत एका पोत्यात ओलं हळकुंड निघालं नाही असं कुणी म्हणालं, तर मी त्याचा माल घेत नाही."

दुसरे सर्जन पन्नाशीचे, बोलायला सावकाश. त्यांनी पहिला प्रश्न मावशीला विचारला : जळजळ किती वर्षं आहे? मग म्हणाले, आधी दुर्बिणीने जठर आतून बघू. जळजळ जुनी असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते. तुम्हाला जठराचा बायपास बरा पडेल, पण तो केला तर गोळ्या जन्मभर. बी-12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. एक वर्ष घेतल्या आणि सोडल्या असं चालणार नाही. जमेल का?

आजवर कुणी तिला 'जमेल का' असं विचारलं नव्हतं. ती पदर सावरून म्हणाली, "जमवीन."

मग मामाची वही. नोंदणी क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या यादीत त्याने आधीच ताडून पाहिला होता. ऑपरेशन तुम्हीच करणार की तुमच्या हाताखालचे? रात्री अतिदक्षता विभागात कोण असतं? हिचा श्वास झोपेत अडकतो, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना कधी कळणार, त्या दिवशी की आधी? स्टेपलरचा खर्च पॅकेजात आहे का वेगळा? आहारतज्ज्ञ किती महिने बघणार? विम्याचं डॉक्टरांनी आपणहून सांगितलं : बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, असा विम्याचा नियम. मावशीचा 40 च्या थोडा वर होता.

गळतीचा प्रश्न मामाने शेवटी ठेवला होता. विचारताना आवाज बसला.

डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. "झाली आहे," ते म्हणाले. "तिघांना. दोघं नीट घरी गेले. एक बाई गेल्या." मग त्या बाईंना ताप कधी आला, नाडी कधी वाढली, आपण काय केलं आणि आता त्यावरून काय बदललं, हे त्यांनी सांगितलं. मला विचाराल तर माझा निर्णय त्याच क्षणी झाला. ज्याने खूप ऑपरेशनं केली आहेत त्याच्या हातून कधी ना कधी हे घडलेलं असणारच. त्याने ते मोजलंय का, एवढंच आपल्याला बघायचं असतं. पण मामा थांबला नाही.

"तुमचा पेशंट भेटवा. पाच महिन्यांपूर्वीचा नको. पाच वर्षांपूर्वीचा."

डॉक्टरांनी आधी पेशंटची परवानगी घेतली, मग आठवड्याने एका निवृत्त शिक्षिकेशी मावशीचं बोलणं झालं. 38 किलो उतरलं होतं, पैकी 11 परत आलं. पहिल्या वर्षी केस गेले, ते पुन्हा आले. लग्नाच्या जेवणात अजून चार घासांवर हात थांबतो. साखरेची एक गोळी परत सुरू झाली आहे. "पण मी आडवी झोपते," बाई म्हणाल्या. मावशीने फोन ठेवला आणि बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत बसली.

पैसे भरायच्या आदल्या रात्री आम्ही साताऱ्यात मावशीकडे मुक्कामाला होतो. मला जाग आली तेव्हा पावणेतीन वाजले होते. मामा अंगणात उभा, हातात दवाखान्याने दिलेला कागद. रात्री-अपरात्री लावायचा नंबर त्यावर पेनने लिहिलेला होता. मामाने तो लावला आणि फोन कानाला धरला, हळकुंड मोडताना धरतो तसा.

दुसऱ्या रिंगला उचलला गेला. रात्रीच्या शांततेत पलीकडचा तरुण आवाज मलाही ऐकू आला.

"हां, बोला. पेशंटचं नाव सांगा. ऑपरेशन होऊन कितवा दिवस? नाडी मोजलीय का?"

मामाला बोलता येईना. आवाजाने पुन्हा विचारलं, "काका, नाडी किती आहे? घाबरू नका, मी आहे लाइनवर."

"अजून व्हायचंय," मामा कसंबसं म्हणाला. "ऑपरेशन व्हायचंय अजून. बहिणीचं."

आणि ओट्यावर बसून त्याने तोंडावर पंचा धरला.