दोन बोटं कमी पडणारी दोरी



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९. दामोदर लीला.

कार्तिकातला काकडा. मावळातलं आमचं वराळे, पहाटेची वेळ, थंडी मी म्हणत होती. दिवाळीच्या सुट्टीत आलेली माझी चार वर्षांची भाची शेजारी उभी. आरती झाली, हातावर साखरफुटाणे पडले. तिने एक खाल्ला आणि दुसरा टाचा उंचावून थेट विठोबापुढे धरला. "घे, गोड आहे!"

मी घाईघाईने मोबाईल काढला. तोवर तिचा हात खाली गेला होता. "परत कर ना तसं," मी म्हटलं. तिने केलं. हात विठोबाकडे, नजर माझ्याकडे. फोटो झकास आला, स्टेटसलाही लावला. दुसऱ्या पहाटे तिने पुन्हा फुटाणा पुढे धरला आणि देवाकडे न बघताच विचारलं, "मामा, काढला का?"

काळजात चर्र झालं. काल जे देवाचं होतं, ते आज कॅमेऱ्याचं झालं होतं. आणि हे मी केलं होतं.

आजच्या अध्यायात यशोदाही लेकराला धरायला धावते. कृष्णाने दह्याचं मडकं फोडलंय, माकडाला लोणी वाटलंय. पकडल्यावर तो रडतो, डोळे चोळतो, काजळ गालभर पसरतं. तो घाबरलाय हे दिसताच यशोदा आधी हातातली काठी टाकून देते. मग बांधायला जाते, तर दोरी दोन बोटं कमी. दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमीच! शेवटी आई दमली हे पाहून तो स्वतःच बांधून घेतो.

मला वाटतं, प्रत्येक लेकरात ही दोन बोटं असतात. ती त्याची स्वतःची. आपली फ्रेम तिथवर पोचत नाही. ते आपणहून सापडलं, तर प्रसाद. "परत कर" म्हणून मागितलं, तर उरतो फक्त अभिनय.

मग फोटो काढूच नयेत का? तसं नाही. आठवण जपावीशी वाटणं हेही प्रेमच. पण पहिल्या स्कंधात कुंती कृष्णाची स्तुती करते, तेव्हा तिला हेच काजळ ओघळलेलं, खाली घातलेलं, भ्यालेलं तोंड आठवतं. ज्याला भयही भितं, तो आईला भ्यावा, याने ती मोहून जाते. तिच्याजवळ कुठला फोटो होता? होतं ते फक्त भरलेलं मन.

तो स्टेटस मी काढून टाकला. मूल सांगू शकत नाही, "माझं हे सगळ्यांना दाखवू नकोस." म्हणून ते आपणच ओळखायचं. काल पहाटे मोबाईल घरी ठेवून गेलो. तिने दोनदा माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग हळूच विठोबाकडे वळली. काय म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

ते माझ्यासाठी नव्हतंच.

आजचा संकल्प : लेकरू रमलेलं दिसलं, की आधी डोळे भरून पाहायचं. काठी खाली, मग दोरी.

राम कृष्ण हरी!